सी मधली तात्पुरती फाईल: टक्कर न होणारं नाव आणि मागची साफसफाई

सोयाबीनची आवक सुरू झाली की लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानांच्या काउंटरवर रांग लागते. समजा, एका दुकानात तीन काउंटर आहेत, मागे एकच लिनक्स मशीन आहे आणि पट्टी छापणारा प्रोग्रॅम सी मध्ये लिहिलेला आहे. प्रत्येक पट्टीसाठी तो एक तात्पुरती फाईल बनवतो. त्यात कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हातात येणारी रक्कम लिहितो आणि ती फाईल प्रिंटरकडे पाठवतो. फाईलचं नाव ठरवलंय 'पट्टी' आणि पुढे सेकंदात वेळ. दोन काउंटरवर एकाच सेकंदाला बटण दाबलं गेलं, की दोन्ही प्रोग्रॅम एकाच फाईलमध्ये लिहितात. 14 क्विंटल 60 किलो माल घातलेल्या शेतकऱ्याच्या हातात शेजारच्याच्या 9 क्विंटलची रक्कम पडते. चाचणी करताना हे कधीच दिसत नाही, कारण तेव्हा बटण दाबणारा माणूस एकटाच असतो. गर्दीच्या दिवशी मात्र हमखास दिसतं.

यावर पहिली दुरुस्ती सुचते ती नाव आणखी लांब करण्याची. वेळेला प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, जोडायचा. त्याने दोन प्रोसेसची टक्कर टळते, पण एकाच प्रोसेसमधल्या दोन थ्रेडचा पीआयडी एकच असतो. एकाच लूपमध्ये एका सेकंदात दोन फायली बनवल्या तरी तीच गत. डॉकरचे दोन कंटेनर एकच फोल्डर वाटून घेत असतील, तर दोघांच्याही आत पीआयडी 7 असू शकतो. मग कुणी रँड हे यादृच्छिक आकडे काढणारं फंक्शन वापरतं आणि त्याला बी (सुरुवातीचा आकडा) म्हणून टाईम देतं. एकाच सेकंदात सुरू झालेल्या दोन प्रोसेसना तेच बी मिळतं, म्हणून आकड्यांची तीच रांग मिळते. बी देऊन झाल्यावर फोर्क केला, म्हणजे प्रोसेसची नक्कल काढली, तर आई आणि लेकरू दोघंही तेच आकडे काढतात.

खरी अडचण आकड्यांत नाही. नाव शोधणं आणि त्या नावाची फाईल बनवणं ही दोन वेगळी पावलं ठेवली, की त्यांच्यामध्ये फट राहते. ॲक्सेस वापरून 'ही फाईल आहे का' असं विचारायचं, 'नाही' उत्तर आलं की एफओपन करायचं, ही पद्धत म्हणूनच फसते. उत्तर आल्यापासून फाईल उघडेपर्यंतच्या मायक्रोसेकंदांत दुसरी प्रोसेस तेच नाव घेऊन जाते. सुरक्षेच्या भाषेत याला तपासणी आणि वापर यांच्यातली शर्यत म्हणतात. नाव कितीही लांब केलं तरी ही फट बुजत नाही, फक्त तिच्यात सापडण्याची शक्यता कमी होते.

या फटीत फक्त योगायोगच शिरतो असं नाही. लिनक्सवरच्या /टीएमपी फोल्डरची परवानगी 1777 असते. तिथे कुणीही फाईल बनवू शकतो, आणि पुढच्या 1 मुळे, म्हणजे स्टिकी बिटमुळे, दुसऱ्याची फाईल पुसता येत नाही. पण तुम्ही बनवणार त्या नावाची फाईल दुसऱ्याने आधीच बनवून ठेवली, तर स्टिकी बिट त्याला अडवत नाही. नाव ओळखण्यासारखं असेल, तर त्या नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारं नाव, बनवून ती तुमच्याच खतावणीच्या फाईलकडे वळवता येते. तुमचा प्रोग्रॅम 'डब्ल्यू' मोडमध्ये तात्पुरती फाईल उघडतो आणि रिकामी होते ती खतावणी. प्रोग्रॅम रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चालत असेल तर मशीनवरची कुठलीही फाईल अशी मारता येते. लिनक्स 3.6 पासून, म्हणजे 2012 पासून, कर्नलमध्ये अशा सिमलिंक अडवण्याची सोय आहे. ती चालू आहे असं धरून मात्र प्रोग्रॅम लिहू नये.

कोणती फंक्शन्स हातात घ्यायची नाहीत

टीएमपीनॅम, टेम्पनॅम आणि एमकेटेम्प ही तीनही फंक्शन्स तुम्हाला फक्त नाव देतात, फाईल देत नाहीत. म्हणजे वरची फट त्यांच्यात जन्मापासून आहे. एमकेटेम्प 2008 च्या पॉसिक्समधून (युनिक्ससारख्या यंत्रणांच्या मानकातून) काढून टाकलं आणि बाकीची दोन त्याच आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली. टीएमपीनॅम अजून सी च्या मानकात आहे, म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीत ते भेटत राहतं. लिनक्सवर ते वापरलं, की जीलिबसी या सी च्या लायब्ररीमुळे लिंकर स्वतः सांगतो की हे धोकादायक आहे, त्याऐवजी एमकेस्टेम्प वापरा. ही सूचना कंपाईल होताना वरून सरकत जाते आणि प्रोग्रॅम चालतो म्हणून कुणी वाचत नाही. ती वाचा.

पाया: कर्नलला एकाच दमात सांगणं

ओपनला दोन फ्लॅग एकत्र द्यायचे: ओ_क्रिएट (सी मधल्या नावात शेवटचा ई नाही, तो घातला तर कंपाईल होणार नाही) आणि ओ_एक्ससीएल. याचा अर्थ 'ही फाईल नसेल तरच बनव, असेल तर ईएक्झिस्ट ही चूक दे'. पाहणं आणि बनवणं हे कर्नल अखंड एका क्रियेत करतं, मधे कुणाला शिरता येत नाही. त्या नावाची सिमलिंक असेल तरी ओपन नकार देतं, मग ती लिंक कुठेही जात असो, अगदी हवेत का जात असेना. सी च्या 2011 च्या मानकाने हीच सोय एफओपनला दिली. मोडमध्ये 'डब्ल्यू' पुढे 'एक्स' लिहायचा.

म्हणजे नाव बनवायचं, या पद्धतीने उघडायचं, ईएक्झिस्ट आलं तर नवीन नाव बनवून पुन्हा उघडायचं. हा लूप स्वतः लिहायची गरज नाही, तो एमकेस्टेम्पमध्ये तयार आहे. स्पेलिंग एम, के, एस, टी, ई, एम, पी.

एमकेस्टेम्प, पावलापावलाने

त्याला एक नमुना लागतो. नमुना म्हणजे फोल्डरसकट पूर्ण नाव, ज्याची शेवटची सहा अक्षरं कॅपिटल एक्स आहेत. सहा म्हणजे सहाच, आणि तीही अगदी शेवटी. फंक्शन ती सहा अक्षरं बदलतं, फाईल उघडतं आणि डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाईलचा क्रमांक, परत देतं. जमलं नाही तर उणे 1 देतं. जीलिबसी त्या सहा जागांवर इंग्रजी लहान अक्षरं, मोठी अक्षरं आणि अंक मिळून 62 चिन्हांतून निवड करतं. 62 चा सहावा घात 56,80,02,35,584 होतो, म्हणजे पाच हजार सहाशे ऐंशी कोटींच्या वर नावं. तरीही नाव घेतलेलं निघालंच तर ओ_एक्ससीएल सांभाळून घेतं, म्हणून या आकड्यावर आपली सुरक्षितता टांगलेली नाही. फाईलची परवानगी 0600 असते: मालकालाच वाचता-लिहिता येते.

इथे नवशिक्यांचा प्रोग्रॅम कोसळतो तो एका ठरलेल्या जागी. नमुना कॅरॅक्टर ॲरे म्हणून घोषित करायचा, म्हणजे नावापुढे रिकामा चौकटी कंस लावून. पॉइंटर घोषित करून त्याला थेट अवतरणातली स्ट्रिंग दिली, तर ती स्ट्रिंग फक्त वाचण्याच्या मेमरीत असते. एमकेस्टेम्प तिथे लिहायला जातं आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो. कंपायलर तोंडातून शब्द काढत नाही.

दुसरी जागा लूपमधली. नमुना लूपच्या बाहेर घोषित केला, तर पहिल्या फेरीत सहा एक्सच्या जागी दुसरी अक्षरं येतात. दुसऱ्या फेरीत शेवटी एक्स नाहीत म्हणून ईइनव्हॅल ही चूक मिळते. पहिली पट्टी छापली जाते, दुसरी अडते, आणि माणूस डिस्कची परवानगी तपासत बसतो. प्रत्येक फेरीत नमुना नव्याने भरा. थ्रेड असतील तर तो प्रत्येक थ्रेडच्या लोकल व्हेरिएबलमध्येच ठेवा, ग्लोबल नको.

तिसरी जागा हेडरची. एमकेस्टेम्प एसटीडीलिब हेडरमध्ये आहे, पण कंपायलरला निव्वळ मानक सी चा पर्याय दिला, उदाहरणार्थ सी11, तर त्याची घोषणा झाकलेली राहते. त्यासाठी सगळ्या हेडरच्या वर _पॉसिक्स_सी_सोर्स हा मॅक्रो 200809एल या किमतीसह लिहा. एक तरी हेडर वर राहिलं तर उपयोग नाही. घोषणा नसताना जुना जीसीसी 'हे फंक्शन इंट देत असेल' असं धरून पुढे जायचा. एमकेस्टेम्प इंटच देतं, म्हणून ते नशिबाने चालायचं. त्याचा भाऊ एमकेडीटेम्प पॉइंटर देतो. 64 बिटांचा पॉइंटर 32 बिटांत कापला गेला की प्रोग्रॅम कोसळतो, आणि तोही भलत्याच ओळीवर. जीसीसी 14 पासून घोषणेविना फंक्शन वापरणं ही सूचना न राहता चूक झाली, ते फार बरं झालं.

नमुन्यातला फोल्डर टीएमपीडीआयआर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेणार असाल, तर तो एसएनप्रिंटएफने जोडा आणि त्याची परतीची किंमत बफरच्या मापाशी ताडून पाहा. नाव कापलं गेलं तर एक्सच गळतात.

आता पट्टीची फाईल लिहायची

फोल्डर कुठला, हा निर्णय आधी. फाईल खरोखर क्षणापुरती असेल तर /टीएमपी चालेल. पण लिहून झाल्यावर तिचं नाव बदलून ती कायमची ठेवायची असेल, तर ती जिथे राहणार त्याच फोल्डरमध्ये बनवा. रिनेम ही अखंड क्रिया एकाच फाईलसिस्टिमच्या आत होते. बऱ्याच वितरणांत /टीएमपी हे टीएमपीएफएस म्हणजे रॅमवर असतं. तिथून डिस्कवर रिनेम केलं की ईएक्सडेव्ह ही चूक येते. शिवाय सिस्टमडी असलेल्या यंत्रणेत /टीएमपी मधल्या 10 दिवस न हाताळलेल्या आणि /व्हार/टीएमपी मधल्या 30 दिवसांच्या फायली झाडल्या जातात. नमुन्याची सुरुवात टिंबाने करा, म्हणजे '.पट्टी-' आणि पुढे सहा एक्स. अर्धवट फाईल नेहमीच्या यादीत दिसत नाही आणि नंतर ओळखायला सोपी जाते.

एमकेस्टेम्पऐवजी एमकेओस्टेम्प वापरून ओ_क्लोएक्झेक हा फ्लॅग दिला तर आणखी चांगलं. प्रोग्रॅम पुढे प्रिंटसाठी दुसरा प्रोग्रॅम चालवतो, तेव्हा हे डिस्क्रिप्टर त्याच्याकडे जात नाही. नावाच्या शेवटी एक्सटेंशन हवंच असेल तर एमकेस्टेम्प्स आहे. त्याला नमुना दिल्यावर शेपटाची लांबी सांगायची, टिंब धरून.

डिस्क्रिप्टर मिळालं की एफडीओपनने त्याची स्ट्रीम (एफप्रिंटएफला चालणारी, बफर असलेली फाईल) बनवा. नाव घेऊन पुन्हा एफओपन करू नका. तसं केलं की बंद केलेली फट परत उघडली. एफडीओपन फसलं तर डिस्क्रिप्टर बंद करणं आणि अनलिंकने फाईल पुसणं, दोन्ही तुमच्याकडे.

मग लिहा. लिहून झाल्यावर एफफ्लश (बफर रिकामा करणं), त्यानंतर एफसिंक (मजकूर डिस्कवर उतरवणं), त्यानंतर एफक्लोज, आणि तिन्हींची परतीची किंमत तपासा. डिस्क भरलेली असेल तर एफप्रिंटएफ बहुतेक वेळा कुरकुर करत नाही, कारण मजकूर अजून बफरमध्येच असतो. चूक समोर येते ती फ्लश किंवा क्लोज करताना. एफक्लोज फसलं तरी ते पुन्हा बोलवायचं नाही, स्ट्रीम तिथेच संपलेली असते.

काउंटरवरची एक नेहमीची तक्रार याच ठिकाणची. प्रिंटरमधून कोरी पट्टी येते, किंवा हमालीपर्यंतच्या ओळी येतात आणि रक्कम नसते. प्रोग्रॅमने एफप्रिंटएफ केलं आणि लगेच सिस्टिम हे फंक्शन वापरून एलपी ही छपाईची कमांड चालवली. एलपीने फाईल वाचली तेव्हा शेवटच्या ओळी आपल्याच प्रोसेसच्या बफरमध्ये पडून होत्या. दोष प्रिंटरचा नाही, एफफ्लश न केल्याचा आहे. सीयूपीएस ही छपाईची यंत्रणा असलेल्या मशीनवर एलपी फाईलचा मजकूर शेड्युलरकडे पाठवून परत येतं, म्हणून ते परत आल्यावर तात्पुरती फाईल खुशाल पुसा.

पट्टी कायम ठेवायची असेल तर एफक्लोजच्या आधी एफसीएचमॉडने परवानगी बदला. 0600 ची फाईल रिनेम केली तरी 0600 च राहते, आणि दुसऱ्या युजरखाली चालणारा हिशेबाचा प्रोग्रॅम ती वाचू शकत नाही. एकाच गटातल्यांना वाचता यावी म्हणून 0640 पुरतं. युमास्क (नव्या फायलींच्या परवानगीतून काय वगळायचं ते ठरवणारा आकडा) बदलून हे साधायला जाऊ नका, तो पूर्ण प्रोसेसचा असतो, थ्रेडगणिक नाही.

रिनेमबद्दल एक सावधगिरी. अंतिम नावाची फाईल आधीच असेल तर रिनेम ती गुपचूप बदलून टाकतं. रोज नव्याने लिहिल्या जाणाऱ्या भावाच्या फाईलला हे हवंच असतं. पट्टी क्रमांकाच्या नावाने ठेवलेल्या फाईलला हे चालणार नाही, तिथे जुनी पट्टी उडाली तर शेतकऱ्याकडच्या कागदाशी काहीच जुळणार नाही. तिथे लिंक वापरा. तात्पुरत्या नावावरून अंतिम नावाची हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाईलला दुसरं नाव, करायची, ते नाव घेतलेलं असेल तर ईएक्झिस्ट येतं, नसेल तर लिंक होते आणि मग तात्पुरतं नाव अनलिंक करायचं. लिनक्सवर रिनेमॅट2 ला 'जुनं बदलू नको' असा फ्लॅग देऊनही हेच साधतं, ते 3.15 पासून आहे. शेवटी फोल्डर स्वतः उघडून त्यावरही एफसिंक करा, नाहीतर नवं नाव डिस्कवर पोचलं याची खात्री नसते. ऐन हंगामात लाईन जाते आणि इन्व्हर्टरची बॅटरी दगा देते, तेव्हा ही दोन एफसिंक कामाला येतात.

नाव लागतच नसेल तेव्हा

मोठी यादी क्रमाने लावायची आहे, मधला मजकूर ठेवायला जागा हवी आहे, दुसऱ्या कुणाला तो वाचायचा नाही. अशा वेळी नावाच्या भानगडीत पडूच नका. मानक सी मधलं टीएमपीफाईल एक उघडी स्ट्रीम देतं आणि ती बंद झाली की फाईल जाते. किंवा एमकेस्टेम्प झाल्या झाल्या अनलिंक करा. युनिक्समध्ये नाव गेलं तरी उघडं डिस्क्रिप्टर जिवंत असेपर्यंत मजकूर राहतो. प्रोग्रॅम मधेच मेला, अगदी सिगकिल या न अडवता येणाऱ्या सिग्नलने मारला, तरी कचरा उरत नाही. साफसफाईची यापेक्षा भरवशाची पद्धत नाही. अशी फाईल दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायची असेल तर फ्लश करून एलसीकने सुरुवातीला या आणि डप2 ने ती त्याचा स्टँडर्ड इनपुट बनवा.

लिनक्स 3.11 पासून ओपनला ओ_टीएमपीफाईल हा फ्लॅग आहे. फोल्डर द्यायचा, नाव नसलेली फाईल मिळते, आणि नंतर हवं तर लिंकॅटने तिला नाव देता येतं. सगळ्या फाईलसिस्टिम त्याला साथ देत नाहीत, म्हणून मागे एमकेस्टेम्पची वाट ठेवावी लागते. निव्वळ रॅममध्ये भागत असेल तर मेमएफडी_क्रिएट पाहा.

एका कामात पाच-सात फायली लागत असतील, तर प्रत्येकीला वेगळं नाव शोधण्याऐवजी एमकेडीटेम्पने एक फोल्डर बनवा. त्याची परवानगी 0700 असते, आत दुसरा कुणी शिरत नाही, मग आतल्या फायलींना साधी ठरलेली नावं द्या. काम झालं की आधी आतल्या फायली, मग फोल्डर.

मागे उरलेला कचरा

ॲटएक्झिटला बांधलेली सफाई नीट बाहेर पडतानाच चालते. सिग्नलने मेलेल्या प्रोसेसमध्ये चालत नाही, वीज गेल्यावर तर नाहीच. सिग्नल हँडलरमधून पुसायचं असेल तर अनलिंक तिथे सुरक्षित आहे, एफक्लोज आणि प्रिंटएफ नाहीत. तरीही काही उरणारच, म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना आपल्या फोल्डरात '.पट्टी-' ने सुरू होणाऱ्या फायली शोधा. एलस्टॅटने पाहा की ती साधी फाईल आहे, मालक आपणच आहोत आणि ती एका दिवसापेक्षा जुनी आहे. तिन्ही जुळलं तरच पुसा. वयाची अट सोडली तर शेजारच्या काउंटरची चालू पट्टी पुसाल. फोल्डर आपला, स्वतंत्र असावा हे इथे गृहीत आहे. /टीएमपी मध्ये असली झाडलोट करू नये.

विंडोजवर

काही काउंटरवर विंडोज असतं. तिथे जुन्या मायक्रोसॉफ्ट रनटाईममधलं टीएमपीफाईल ड्राइव्हच्या मुळाशी फाईल बनवायला जायचं आणि साध्या युजरला परवानगी नसल्याने फसायचं. गेटटेम्पफाईलनेमला शेवटचा आकडा शून्य दिला तर ते फाईल बनवूनच नाव देतं. शून्याशिवाय काही दिलं तर फक्त नाव देतं, म्हणजे पुन्हा तीच फट. नावाच्या सुरुवातीची फक्त तीन अक्षरं ते घेतं आणि एका फोल्डरात त्या सुरुवातीची जास्तीत जास्त 65,535 नावं होतात. पुसायचं राहत गेलं तर एक दिवस ती संपतात. नवीन काम असेल तर क्रिएटफाईलला क्रिएट_न्यू द्या आणि 'बंद होताच पूस' हा फ्लॅग जोडा.

झालं की नाही हे तपासायचं कसं

एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला काय काय सांगतो ते दाखवणारं साधन) लावून प्रोग्रॅम चालवा आणि ओपनॅटची ओळ शोधा. त्यात ओ_आरडीडब्ल्यूआर, ओ_क्रिएट, ओ_एक्ससीएल आणि 0600 एकत्र दिसले पाहिजेत. त्याआधी त्याच नावावर स्टॅट किंवा ॲक्सेस दिसला, तर कुठेतरी कुणीतरी अजून आधी विचारून मग उघडतंय. मग एका शेल लूपमध्ये 200 प्रोसेस एकदम सोडा. प्रत्येकीने स्वतःचा पट्टी क्रमांक आपल्या फाईलमध्ये लिहावा, बंद करावी, परत वाचून ताडून पाहावा आणि फाईल पुसावी. लूप संपल्यावर चुकलेला क्रमांक एकही नसावा आणि फोल्डरात टिंबाने सुरू होणारी एकही फाईल उरलेली नसावी. त्यानंतर लूप चालू असताना मधेच दहा-बारा प्रोसेस सिगकिलने मारा, आणि उरलेल्या फायली पुढच्या दिवशीच्या सफाईत जातात का ते घड्याळ पुढे न करता, टचने फाईलची तारीख मागे नेऊन पाहा.